स्किपिओने हिशेबाची वही फाडली, हे बरोबर होतं का?

नदीकाठ:
शाळकरी वयापासून रोमचा स्किपिओ आफ्रिकानस माझा आवडता सेनापती. कॅनीच्या लढाईत (इ. स. पू. २१६) कार्थेजच्या हॅनिबलने रोमचं सैन्य अक्षरशः कापून काढलं. त्यातून हा विशीतला पोरगा वाचला आणि १४ वर्षांनी आफ्रिकेत, झामाला, त्याच हॅनिबलला हरवून आला. हत्ती अंगावर आले तेव्हा त्याने तुकड्यांमध्ये आधीच सरळ वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. बरेचसे हत्ती त्या वाटांनी निघून गेले. एवढं डोकं शांत ठेवणाऱ्या माणसाबद्दल मनात आदर असणारच.

पण पुढची एक गोष्ट आपण फार कौतुकाने सांगतो आणि ती मला खुपते. त्याचा भाऊ लुशियस सीरियाच्या अँटिओकस राजावर चालून गेला, तेव्हा हाही सोबत होता. राजा हरला, तहात १५ हजार टॅलेंट (टॅलेंट म्हणजे चांदी मोजायचं मोठं वजन) द्यायला कबूल झाला. सैन्याच्या पगारासाठी सुरुवातीला हाती आलेल्या तीन हजार टॅलेंटचा हिशेब रोमच्या सिनेटमध्ये मागितला गेला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की स्किपिओने भावाकडून वही आणवली, सगळ्यांसमोर टराटरा फाडली आणि म्हणाला, शोधा आता या तुकड्यांत. वर विचारलं, तीन हजारांचा हिशेब मागताय, पण पंधरा हजार कुणामुळे येताहेत ते विचारत नाही?

हे वाचून टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नाही. सैन्याच्या पगाराचा पैसा त्याच्या घरचा नव्हता.

गडवाट:
अजिबात पटलं नाही. हिशेब मागणारे कोण होते ते पाहा. मागे काटो हा रोमन पुढारी होता, ज्याचं स्किपिओशी सिसिलीच्या दिवसांपासून हाडवैर. ज्या माणसाने देश वाचवला त्याला म्हातारपणी चार नाण्यांसाठी उभं करायचं? पुढे स्किपिओवर खटला झाला, त्या दिवशी नेमकी झामाच्या विजयाची तिथी होती. तो म्हणाला, आज भांडायचा दिवस नाही, देवाचे आभार मानायला चला. सगळी सभा उठून त्याच्यामागे कॅपिटॉल टेकडीवरच्या देवळाकडे गेली, आरोप करणारे तिथेच उरले. लोकांनी निवाडा केला होता की!

नदीकाठ:
गडवाट, तुम्ही सांगितलेल्या प्रसंगाचीच मला भीती वाटते. विचारलं होतं पैशाबद्दल, उत्तर मिळालं लढाईचं. काटोच्या मनात आकस होता हे मान्य. पण आकसाने विचारलेला प्रश्नसुद्धा रास्त असू शकतो.

आणखी एक गोष्ट आहे. त्या मोहिमेत स्किपिओचा मुलगा अँटिओकसच्या कैदेत होता. राजाने त्याला एक पैसाही न घेता परत पाठवला. स्किपिओने राजाला उलट निरोप धाडला की मी छावणीत परत येईपर्यंत लढू नका. तेव्हा तो आजारी होता. यात काळंबेरं असेलच असं मी म्हणत नाही. पण अशा वेळी शंका येणार, आणि ती फेडायला वही हाच एक साधा पुरावा होता.

पाटीपेन्सिल:
मधेच बोलते. आपण वहीवरून भांडतोय, पण स्पेनमधलं नवं कार्थेज शहर (इ. स. पू. २०९) त्याने कसं घेतलं ते कुणी काढलंच नाही. खाडीचं पाणी उतरलं तेव्हा त्याने माणसं चालत तटापर्यंत नेली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहरात शिरल्यावर दिसेल त्याला मारा असा हुकूम दिला, हेही तोच पॉलिबियस लिहितो. पॉलिबियस म्हणजे स्किपिओच्याच घराण्याच्या स्नेहातला माणूस. तोही हे लपवत नाही. मला त्या वहीपेक्षा हे जड वाटतं.

दूरदेशी:
रोममध्ये आपिया रस्त्यावर स्किपिओ घराण्याची थडगी आहेत, मी जाऊन पाहिली. कातळात खोदलेल्या अंधाऱ्या वाटा, भिंतीला लागून दगडी पेट्यांच्या जागा. पणजोबा बार्बाटसची मोठी पेटी मूळची तिथलीच, अस्सल आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. ज्याच्यासाठी आपण जातो त्याचा तिथे पत्ताच नाही. कृतघ्न मायभूमीला माझी हाडंही मिळणार नाहीत, असं तो बजावून गेला म्हणतात.

गडवाट, तुमच्या बाजूचा खरा मुद्दा मला इथे दिसतो. तो रुसला, पण सैन्य घेऊन रोमवर चालून आला नाही. पुढे सुल्ला आणि सीझर हे सेनापती तसे आले. हा मात्र रोम सोडून लिटर्नम गावच्या शेतावर गेला आणि इ. स. पू. १८३ च्या सुमारास तिथेच वारला. जवळपास अडीचशे वर्षांनी रोमन तत्त्वज्ञ सेनेका त्या घरात राहिला होता. न्हाणीघर लहानसं आणि काळोखं, खिडक्या म्हणजे दगडातल्या नुसत्या फटी, असं तो लिहितो. रोमचं स्वातंत्र्य राहावं म्हणून हा माणूस स्वतः बाजूला झाला, यासाठी सेनेका त्याला मानतो. मीही मानतो.

गडवाट:
दूरदेशी, धन्यवाद, मला हेच म्हणायचं होतं. आणि रोमन इतिहासकार लिव्हीने दिलेलं एक सांगतो. पुढे लुशियसला दंड झाला, त्याची मालमत्ता जप्त केली. राजाच्या पैशाचा मागमूस नाही सापडला. दंडाइतकी रक्कमसुद्धा भरली नाही. चोराचं घर असं असतं का?

नदीकाठ:
हे लिव्हीचं मी विसरलो होतो, आणि ते वाचून बरं वाटलं. चोरी झाली असं मी आता म्हणणार नाही. लिटर्नमला गेला, तलवार उपसली नाही, तिथे माझंही डोकं झुकतं. पण घरात काही नव्हतं, तर वही उघडून दाखवली असती की. लुशियसच्या घराची झडती तरी वाचली असती.