नागपूरच्या चॅरिटी सायकल राइडला 'टी-शर्टची हौस' म्हणणाऱ्या महालकरांना उत्तर

नरेंद्रनगर

महालकरांनी परवा लिहिलं होतं: 'लाखालाखाच्या सायकली घेऊन रविवारी चौक अडवायचे, टी-शर्ट घालून फोटो काढायचे आणि त्याला सिकलसेलच्या पोरांसाठी दान म्हणायचं. द्यायचेच तर पाचशे रुपये सरळ देऊन टाका, घाम कशाला गाळता?' त्याखाली भराभर अंगठे पडले. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी ती राइड केली. माझी सायकल लाखाची नाही. मुलगी दहावीत असताना तिच्यासाठी घेतलेली आहे, पुढे टोपली आहे. जपानी गार्डनपासून सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी, हिंगणा रोडला वळसा घालून परत, असे 25 किलोमीटर होते. सेमिनरी हिल्सच्या चढावर मी उतरले आणि सायकल ढकलत निघाले. शेजारी काटोलकडची एक बाई तशीच ढकलत होती. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारच असलेला. थंडी पडली की त्याला क्रायसिस येतो, म्हणजे दुखण्याचा झटका. रात्रभर पाय दुखतात. कुणी हात लावलेलाही सहन होत नाही आणि कुणी जवळ नसलं तरी चालत नाही. हे सगळं ती चालता चालता, दम घेत सांगत होती.

मी एकोणीस वर्षं शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. महिन्यातून आठ दिवस गैरहजर, डोळे पिवळट, खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसलेला. मी त्याला आळशी म्हणाले होते. तसं डायरीत लिहून घरीही पाठवलं होतं. त्याची आई भेटायला आली, काहीतरी सांगू पाहत होती, आणि मी तिला मध्येच थांबवून हजेरीचं रजिस्टर दाखवलं. त्या चढावर मला तो मुलगा आठवला आणि पुढचे दोन किलोमीटर मला रस्ता नीट दिसत नव्हता.

घरात बसून पाचशे रुपये पाठवले असते तर ती बाई मला भेटली असती का? राइडनं मला जे दिलं ते पाचशे रुपयांच्या पावतीवर मिळत नाही. म्हणून म्हणते, हौस म्हणू नका.

महालकर

ताई, तुमच्या विद्यार्थ्याची गोष्ट वाचून वाईट वाटलं. त्यावर वाद नाही. पण मीसुद्धा उगाच लिहिलं नव्हतं.

त्या रविवारी सव्वासातला मी आईला स्कूटरवर मागे बसवून डायलिसिसला नेत होतो. आठला मशीन लागते. उशीर झाला की पुढचा पेशंट घेतात आणि आईला दुपारपर्यंत बाकावर बसावं लागतं. लॉ कॉलेज चौकात एका पोरानं दोरी आडवी धरली. आई आजारी आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाला, 'काका, चांगल्या कामासाठी आहे, पाचच मिनिटं.' बारा मिनिटं लागली. आईनं माझ्या पाठीला डोकं टेकवलं होतं आणि समोरून लोक हसत, हात हलवत चालले होते. माझ्या आईचं मशीन थांबू शकतं, तुमची राइड थांबू शकत नाही, हे कोणी ठरवलं?

दुसरं पैशाचं. मी तीस वर्षं ट्रस्टांचे हिशोब लिहितो. फी पाचशे घेतली. टी-शर्ट, मेडल, बॅनर, साउंड, तर्री पोहे, हे सगळं वजा जाता मुलांपर्यंत किती पोचलं ते कुठं लावलंय? एकानं मला पावती दाखवली, तिच्यावर सगळ्या पाचशेवर 80-जी, म्हणजे दानावरची प्राप्तिकराची वजावट, लिहिलेलं. ज्याच्या बदल्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळाला ती फी झाली, दान नाही झालं. दान वेगळं घ्या, त्याचं 10-बीई प्रमाणपत्र द्या. आणि लोकांना सांगा की रोख दोन हजारांच्या वर दिलं तर वजावट मिळत नाही, नवी कररचना घेतली असेल तर 80-जी मिळतच नाही. एवढं सांगायला काय लागतं?

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. तेव्हा आम्ही कामठीला राहायचो. काळी सायकल, मागच्या चाकाला डायनामो, पाऊस असो की मे महिना. रात्रपाळी करून सकाळी त्याच सायकलवर दळण आणायचे. त्यांना कोणी सायकलिस्ट म्हटलं नाही, गळ्यात कोणी मेडल घातलं नाही. आता मेडल घातलेले लोक दिसले की मला ते आठवतात. हा माझा दोष असेल तर असो.

जरीपटका रायडर

राजेहो, तुम्ही दोघंही रस्त्यावर बोलूनच नाही राहिले. सिमेंट रोडच्या दोन स्लॅबमधला जॉइंट आणि बाजूच्या गट्टूची कड, याच्यात माझं 25 एमएमचं टायर अडकलं. सकाळी सहा वाजता, रस्ता रिकामा, वेगही फार नव्हता. कॉलर बोन तुटलं, तीन महिने घरी. राइडच्या दिवशी त्याच पट्ट्यावरून शाळकरी पोरं नेली यांनी. आधी कोणी सायकलनं रूट तपासला होता का? कारनं तपासून काय कामाचं, कारला तो जॉइंट लागतच नाही.

2020 मध्ये आपलं शहर केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात होतं. रस्त्याच्या कडेला पट्टे मारले, सायकलची चित्रं काढली. आज त्या पट्ट्यावर चारचाकी उभ्या राहतात. ज्या गावातून डॉ. अमित समर्थ अमेरिकेत जाऊन 2017 ला एकट्यानं रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका', पूर्ण करून आला, बारा दिवसांच्या मुदतीत 4,800 च्या आसपास किलोमीटर, त्या गावात पोराला शाळेत सायकलनं पाठवायची आईबापांची हिंमत होत नाही. चॅरिटी करायची तर आधी रस्त्यासाठी राइड काढा.

आणि महालकर भाऊ, लाखाची सायकल हा काही गुन्हा नाही. मी दोन वर्षं पैसे साठवून घेतली. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे मुदतीतली लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत करायची असते, टोपलीवाल्या सायकलवर करून पाहा.

नरेंद्रनगर

जरीपटका, रस्त्याचं पटतं, पण त्यासाठी वेगळं लिहा, मी येईन भांडायला. इथे तो विषय नाही.

महालकर, दोरीचं चुकलंच. मला माहीत नव्हतं. आजाऱ्याला थांबवून आजाऱ्यांसाठी राइड काढता येत नाही, हे मान्य. पण हिशोब लावला नाही म्हणून राइडच खोटी ठरत नाही. शेवटी तिथे तपासणीचं टेबल होतं. बोटातून थेंबभर रक्त घेत होते. मी सत्तेचाळीस वर्षांची, विदर्भात जन्मले, वाढले, आणि माझी सिकलसेलची तपासणी आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर झाली. अशी बरीच माणसं रांगेत होती. हे तरी मोजाल की नाही?

पाचपावली

त्या टेबलाबद्दलच बोलायचं आहे. मी राइडला गेले नव्हते, पण फोटो पाहिले. रांग लागलेली, शेजारी माइक, नावं पुकारून निकालाची चिठ्ठी देत होते. फोटो पाहूनच माझ्या पोटात गोळा आला.

कॉलेजात असताना आमच्याकडे शिबिर झालं होतं. आठवड्यानं हॉलमध्ये यादी वाचली. 'यांनी पिवळं कार्ड घेऊन जावं' आणि मग नावं. माझं नाव चौथं. एएस पॅटर्न. म्हणजे मी वाहक, गुण अंगात आहे, आजार नाही. मला काही होत नाही, पाणी भरपूर पिते, डोंगर चढते, नोकरी करते. पण त्या हॉलमध्ये आमच्या वस्तीतल्या तीन पोरी होत्या. पुढच्या वर्षी लग्न जमलं, साक्षगंधाची तारीख ठरली, साड्या आल्या. मग त्यांच्याकडून फोन आला की मुलगी 'आजारी' आहे असं कळलं. माझ्या वडिलांनी हात जोडले, फक्त मुलाची तपासणी करा म्हणाले, तो नॉर्मल असेल तर एकही मूल एसएस होणार नाही. त्यांनी मुलाची तपासणी केलीच नाही. मुलाला कशाला, खोट तर मुलीत आहे.

तुमच्यासाठी ते टेबल म्हणजे जागृती आहे ताई. सत्तेचाळीसाव्या वर्षी, लग्न होऊन, मूल मोठं झाल्यावर कार्ड हातात आलं तर ते नुसतं कार्ड असतं. बाविसाव्या वर्षी ते सगळ्या वस्तीला कळतं.

रामदासपेठ

मुलीचं वाईट झालं. पण या निमित्तानं सरसकट सगळ्यांना घाबरवणं चाललंय ते योग्य नाही. हा आजार ठरावीक समाजांत आहे, ते जगजाहीर आहे. तिथे जाऊन शिबिरं घ्या. आमच्यात हा आजार नाही. सिव्हिल लाइन्समध्ये टेबल मांडून काय साधणार?

पाचपावली

'ठरावीक समाज' म्हणजे कोण ते स्पष्ट लिहा ना काका. लिहायला अडतंय का? तुमच्या या एका वाक्यामुळे आमच्या पोरी कार्ड कपाटात लपवतात. आमच्यात नाही म्हणता, तुमची तपासणी झाली आहे?

रामदासपेठ

माझ्या वयाचा तरी मान ठेवा. मी कुणाची जात काढली नाही. आमच्या सात पिढ्यांत असं कोणी आजारी पडलेलं नाही एवढंच म्हणालो.

मेडिकल चौक

मी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं. काका, वाहक सहसा आजारी पडत नाही, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या कळत नाही. दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची, चारात दोन वाहकाची, एक नॉर्मलची. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असंही नाही, प्रत्येक वेळी हिशोब नव्यानं.

नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे आपल्याकडे माहीत आहे. अनुसूचित जाती आणि आदिवासींत प्रमाण जास्त आहे हे खरं, आणि त्याचं कारण मलेरिया. जंगलपट्टीत वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळायचं, म्हणून हा गुण टिकला. त्यात कुणाच्या रक्ताची खोट नाही. आणि माझ्या टेबलावर ओबीसी घरांतल्या नळ्या रोज येतात. 'आमच्यात नाही' म्हणणारेच जास्त उशिरा येतात, पोर पाच-सहा वर्षांचं झाल्यावर, संधिवाताची औषधं खाऊन खाऊन.

पाचपावलीताई म्हणते ते टेबलाबद्दल शंभर टक्के बरोबर. शिवाय तिथे जी झाली ती सोल्युबिलिटी टेस्ट. रक्त गढूळ झालं की पॉझिटिव्ह, पण एएस की एसएस ते त्यात कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. अर्धा निकाल माइकवरून सांगणं म्हणजे घरोघरी भांडण लावणं. निकाल बंद पाकिटात, समोर बसवून, समजावून द्यायचा असतो. केंद्राचं सिकलसेल मिशन 1 जुलै 2023 ला सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य तेव्हा ठेवलं. सगळे असेच निकाल वाचायला लागले तर लोक हात पुढे करणार नाहीत.

राइडवाल्यांना एकच मागणं आहे. पैसे कमी जमले तरी चालतील, मे महिन्यात रक्त द्या. कॉलेजं बंद, ऊन पंचेचाळीसला, शिबिरं होत नाहीत, आणि लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त 42 दिवस टिकते. जानेवारीतला उत्साह मेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवता येत नाही.

नरेंद्रनगर

पाचपावली, तुझी माफी मागते. माइकचा आवाज मीही ऐकला होता आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी हसत गेले. माझ्याजागी माझी मुलगी असती तर, हा विचार आता आला.

तरी राइड नको असं मी म्हणणार नाही. ती काटोलची बाई मला सांगत होती की मुलाच्या आजाराबद्दल ती पहिल्यांदा उघड्यावर, मोठ्या आवाजात बोलली, कारण आजूबाजूला सगळे त्याच कामासाठी आले होते. पाकिटातून पैसे पाठवून हे होत नाही.

महालकर

बोलायला जागा मिळाली हे तुमचं मान्य करतो. मनापासून नाही, पण करतो. माझ्या आईच्या डायलिसिसबद्दल मीही आज इथेच पहिल्यांदा लिहिलं.

माझ्या अटी मात्र तशाच आहेत. हॉस्पिटलच्या वाटेवरचा एकही चौक दोरी लावून अडवायचा नाही, लागलं तर राइड पहाटे साडेपाचला काढा. फी वेगळी, दान वेगळं. आणि आठ दिवसांत खर्चाचा कागद सगळ्यांना दिसेल असा लावायचा. हे करणार असाल तर हिशोब मी लिहून देतो, पैसे घेणार नाही. सायकल चालवणार नाही. वडिलांची अजून घरी आहे, पण चालवणार नाही.

जरीपटका रायडर

रूट मी सायकलनं तपासून देतो. हिंगणा रोडचा तो पट्टा काढाच. आणि वडिलांची सायकल पाठवून द्या भाऊ, ब्रेक-बेअरिंग मी करून देतो. चालवायची की नाही ते नंतर पाहा.

पाचपावली

टेबल माझ्याकडे द्या. माइक नको, पाकिटं हवीत, आणि मुलीबरोबर मुलाची तपासणी हे मोठ्या अक्षरात लिहायचं. तेव्हाच येते.

रामदासपेठ

माझ्या मुलीचं एप्रिलमध्ये लग्न आहे. वर जे लिहिलं ते वाचून घरात बोलणं झालं. मुलाकडच्यांना विचारणं आम्हाला जमणार नाही, ते वेगळा अर्थ काढतील. फक्त तिची करून घेतो. उपाशीपोटी यावं लागतं का?

मेडिकल चौक

उपाशी राहायची गरज नाही. सकाळी या, मी असतो. तिची नॉर्मल आली तर मुलाला विचारायची वेळच येणार नाही. एएस आली तर मात्र काका, विचारावं लागेल. तेव्हा माझ्याकडे दोघांना घेऊन या, त्यांच्याशी मी बोलतो.