पिलाटेस करून दमसास वाढतो का?

निवांत_पाटी:
नमस्कार मंडळी. वय ४६, दिवसभर खुर्चीत बसून काम. पाच महिने झाले, आठवड्यातून तीनदा मॅट पिलाटेसच्या (चटईवर सावकाश करायचे पोट-पाठीचे व्यायाम) क्लासला जातेय. पाठदुखी जवळजवळ गेली, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत नाही, म्हणून खूश होते. पण परवा पाहुण्यांना पर्वतीवर नेलं तर १०३ पायऱ्यांत तीनदा थांबले, आणि पासष्टीची आत्या वर जाऊन माझी वाट बघत बसली!! क्लासच्या मॅडम म्हणतात पिलाटेसमध्ये श्वासाचं एवढं काम होतं की वेगळं चालायची गरजच नाही. मग हे काय झालं?

घड्याळबाबू:
मी पण करतो, मनगटावर घड्याळ लावून. तासभरात हार्ट रेट ९५ ते १०५ च्या पुढे क्वचितच जातो, नुसतं झपाझप चाललो की १२० होतो. पोट मात्र जाम थरथरतं, त्यामुळे वाटतं लय भारी कार्डिओ (हृदयाचा व्यायाम) झाला.

फिजिओ_ताई:
मॅडमचं अर्धं बरोबर आहे. पिलाटेसमध्ये बरगड्या बाजूने फुलवून श्वास घेतात, पोटाचे खोल स्नायू वापरून सोडतात, त्याने श्वासाचे स्नायू तयार होतात, छाती मोकळी होते. पण निरोगी माणसाला जिना चढताना दम लागतो तो बहुतेक वेळा फुफ्फुसं कमी पडतात म्हणून नाही, हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि पायाचे स्नायू त्यातला ऑक्सिजन किती वापरतात त्यावर ते असतं (व्हीओटू मॅक्स म्हणतात ते हेच). ते वाढवायचं तर हृदयाला पुरेसा वेळ जोरात कामाला लावावं लागतं. मॅटवर आपण निम्मा वेळ आडवे, एक प्रकार झाला की थांबून दुसरा.
२२० वजा वय धरलं तर तुमचा कमाल रेट अंदाजे १७४, मध्यम व्यायाम म्हणजे साधारण ११० ते १३०. घड्याळ नसेल तर बोलून बघा, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग.
आता दुसरी बाजू. आधी काहीच न करणाऱ्या लोकांत पिलाटेसने व्हीओटू मॅक्स थोडा सुधारल्याचे अभ्यास आहेत, तेव्हा अगदीच शून्य असं नाही. डब्ल्यूएचओ मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम एरोबिक (झपाझप चालण्यासारखा) व्यायाम सांगते, आणि स्नायूंचा व्यायाम निदान दोन दिवस वेगळा. तुमचा क्लास त्या दुसऱ्या खात्यात टाका.

चहा_कमी_साखर:
ज्याच्या नावाने हे चालतं तो जोसेफ पिलाटेस (जन्म १८८३, जर्मनी) लहानपणी दम्याने आजारी असायचा म्हणे, त्यामुळे श्वासाचं एवढं स्तोम असावं. त्याचा तो 'हंड्रेड' नावाचा व्यायाम मोजून बघा, पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असं दहा वेळा, मिनिट-दीड मिनिटात खलास. एवढ्यावर पर्वती चढायची म्हणजे... असो. आत्या रोज चालत असणार, पैज लावतो.

निवांत_पाटी:
हो ना, आत्या रोज पहाटे तळजाई टेकडीवर चालायला जाते 😅 क्लास सोडायचा नाहीये, पाठ परत धरली तर वाट लागेल. मग दोन दिवस क्लास आणि चार दिवस ४० मिनिटं चालणं असं केलं तर?

फिजिओ_ताई:
छान, ४० चं १६० होतंय. फक्त चालताना मोबाईलवर गप्पा रंगल्या तर वेग पडलाय समजा. आणि हिमोग्लोबिन, बीपी एकदा तपासून घ्या, या वयात पाळी जास्त जात असेल तर रक्त कमी असल्यानेही असाच दम लागतो, मग कितीही चाला फरक पडत नाही. छातीत दाबल्यासारखं वाटलं, चक्कर आली तर आधी डॉक्टर, पर्वती नंतर.

निवांत_पाटी:
अरे देवा, पाळीचं बरोबर ओळखलंत. उद्याच रक्त देते.