वारीचे रोल इथेच धुवावेत की विमानातून न्यावेत?

फलटणकर, मुक्काम लंडन
यंदा आळंदीपासून वाखरीपर्यंत ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चाललो. फिल्मचे १४ रोल झाले, सगळे एचपी५ प्लस, म्हणजे इल्फर्डची काळी-पांढरी फिल्म. दिवेघाट आणि चांदोबाच्या लिंबाचं रिंगण ४०० आयएसओला (फिल्मला किती प्रकाश पुरतो त्याचा आकडा; आकडा मोठा तितका कमी प्रकाश पुरतो) टिपलं, पहाटेच्या राहुट्यांमधले ५ रोल १६०० ला. आठ दिवसांनी परतीचं विमान आहे.

माझं ठाम मत आहे की रोल इथेच धुऊन फक्त निगेटिव्ह न्याव्यात. एकदा हायपोतून (फिल्म पक्की करणाऱ्या रसायनातून) निघालेल्या निगेटिव्हचं कुठलंही मशीन काही बिघडवत नाही. न धुतलेल्या फिल्मवर मात्र प्रत्येक एक्स-रेची भर पडत जाते, आणि ती नंतर कुठल्याच रसायनाने काढता येत नाही. जुन्या मशीनवर '८०० आयएसओपर्यंत सुरक्षित' अशी पाटी असायची. नव्या सीटी मशीनला (सामान सगळ्या बाजूंनी स्कॅन करणाऱ्या, जास्त जोरकस एक्स-रेला) ती लागू नाही. फिल्म सीटीतून नेऊ नका असं कोडॅक आणि इल्फर्ड दोघंही सांगतात.

गेल्या वर्षी एका विमानतळावर "काही होत नाही हो" म्हणत माझे दोन रोल ट्रेमधून आत ढकलले गेले. प्रिंटमध्ये काळ्याचा राखाडी झाला, एका रोलवर लाटांसारखे पट्टे उमटले. त्या रोलमध्ये आमच्या ओट्यावर बसलेली आजी होती. ती फेब्रुवारीत गेली.

कोथरूडची डार्करूम
आजीचं वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटत नाही. एक्स-रेने रोल कदाचित धुरकटेल. वाईट लॅबमध्ये तो नक्की जाईल. काळ्या-पांढऱ्याचं गिऱ्हाईक कमी, म्हणून काही ठिकाणी एकच डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) संपेपर्यंत ताणतात. मी एकदा भावाच्या लग्नाचे चार रोल असेच देऊन बसलो. परत आले ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे घेऊन. आणि तुमच्या त्या ५ रोलचं काय? आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न घालता वापरला तर २० अंशांना ४०० साठी साडेसात मिनिटं लागतात, १६०० साठी १४. चिठ्ठीवर '१६००' लिहिलेलं कुणी वाचलंच नाही, तर राहुट्यांतले चेहरे गेले. जुलैत आपल्या नळाचं पाणी २० अंश नसतंच, मी बर्फाचं भांडं शेजारी घेऊन बसतो. लॅबवाला बसेल? लंडनला तुम्ही स्वतः धुता ना? मग हाताने तपासायची विनंती करा आणि घरी जाऊन धुवा.

अनघा_१२०
दोघंही फार घाबरवताय. मी कलरप्लस २०० ही रंगीत फिल्म तीनदा साध्या एक्स-रेतून नेला, काही फरक दिसला नाही. नाहीतर रोलवर '३२००' आयएसओचं खोटं स्टिकर लावा, पटकन हाताने तपासून देतात.

तपासणी रांग
मी विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत १२ वर्षं काढली आहेत. अनघाताई, साध्या मशीनचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण स्टिकरचं नको. वस्तूबद्दल खोटं सांगणारा प्रवासी एकदा सापडला, की पुढच्या दहा खऱ्या माणसांवरचा विश्वास उडतो.

फलटणकरसाहेब, अमेरिकेत फिल्मसाठी हाताने तपासणी मागता येते, तसं टीएसएने (तिथल्या विमानतळ सुरक्षा संस्थेने) लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे ती विनंती असते, ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याने मानली तर मानली. म्हणून रोल डब्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवा, गर्दी नसताना लवकर पोचा, आणि ट्रे पुढे सरकायच्या आधीच बोला. नंतर ओरडून उपयोग नसतो. शिशाची पिशवी आणू नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग बाजूला निघणारच. चेक-इनच्या बॅगेत तर फिल्म अजिबात टाकू नका, तिथली मशीनं फार जोरकस असतात. कॅमेऱ्यात अर्धा रोल राहिला असेल तर तो आधी संपवा, कॅमेराही मशीनमध्येच जातो.

कोथरूडची डार्करूम
हेच म्हणत होतो. नीट विनंती केली की होतं.

फलटणकर, मुक्काम लंडन
"मानली तर मानली" यावरच माझा जीव अडकतो. एका अनोळखी माणसाच्या मनःस्थितीवर अठरा दिवसांची पायपीट सोपवायची? रोल कुरियरने पाठवून बघावेत असंही मनात आलं, पण पार्सलंही मशीनखालून जातात, आणि तिथे बोलायला आपण नसतो.

पण १६०० चा मुद्दा मला झोंबला, कारण तो खरा आहे. आधीच कमी प्रकाशात घेतलेल्या आणि पुश करायच्या (जास्त वेळ धुवायच्या) फिल्मवर एक्स-रेचा धुरकटपणा आणखी उठून दिसतो. म्हणजे लॅब चुकली तर हेच ५ रोल जातील आणि मशीन लागलं तरी आधी हेच जातील. कोथरूडकर, तुमची फिल्म धुवायची टँक आणि बर्फाचं भांडं एका शनिवारी उसनं मिळेल का? आयडी-११ मी आणतो. पहिला रोल दिवेघाटाचा धुऊ, तो बिघडला तरी माझ्याकडे घाटाचे आणखी दोन आहेत. तो जमला तर राहुट्या.

कोथरूडची डार्करूम
या. सकाळी सातला या, तेव्हा पाणी जरा गार असतं. बाकीच्या आठ रोलचं मात्र माझं मत तेच आहे.