एका दिवसात जाऊन येण्यासाठी स्वस्त, पण परतीची वेळ मोकळी ठेवणारं रेल्वे तिकीट कसं काढावं?

सकाळची गाडी नक्की आहे, परतीची नाही. आगाऊ सवलतीचं तिकीट स्वस्त दिसतंय, पण ते दोन्हीकडे ठरावीक गाडीचंच आहे. परतीची गाडी चुकली तर पैसे बुडतात का?

उत्तर १
बहुतेक ठिकाणी बुडतातच. म्हणून जातानाचं ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट घ्या आणि येतानाचं कुठल्याही गाडीला चालणारं. मात्र त्याआधी त्याच दिवशीच्या जाण्यायेण्याच्या एकत्र तिकिटाचा दर बघा. काही रेल्वेंमध्ये ते एकेरीपेक्षा थोडंसंच महाग असतं, मग दोन सुटी तिकिटं काढण्यात अर्थ नाही. दिवसभराचा पास मिळत असेल तर तोही हिशेबात धरा.

उत्तर २
‘बदलता येईल’ एवढं वाचून थांबू नका. बदल सहसा गाडी सुटण्याआधीच करावा लागतो. शुल्क आणि भाड्यातला फरक वेगळा. शिवाय बदल आणि परतावा यांचे नियम निराळे असतात. बिनगर्दीच्या वेळेचं, म्हणजे गर्दीच्या तासांत न चालणारं स्वस्त तिकीट असेल तर संध्याकाळचे निर्बंधही तपासा, लोक फक्त सकाळचेच बघतात आणि परतताना फरक भरतात.

उत्तर ३
प्रवासाचे तुकडे करून, म्हणजे मधल्या एखाद्या स्टेशनापर्यंत एक आणि तिथून पुढे दुसरं अशी तिकिटं काढली तर कधीकधी स्वस्त पडतं, पण गाडी त्या मधल्या स्टेशनावर थांबते का, हे आधी पाहा. गाडी बदलायची असेल तर जास्त काळजी घ्या: पहिली उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर सुट्या तिकिटांवर पुढच्या गाडीत बसू देतीलच असं नाही.