जागा तसा नियम
परसातल्या क्रिकेटचे नियम म्हणजे मोठ्या पोरांची मनमानी, हे मला अजिबात पटत नाही. जागा जशी, तसा नियम. एरवी चेंडू थेट सीमेपार गेला की 6 धावा. आमच्यात भिंतीपलीकडे गेला की आऊट, आणि आणायलाही मारणाऱ्यानेच जायचं. त्यामुळे फटका जमिनीलगत ठेवायची सवय आपोआप लागली. फील्डर कमी, म्हणून एक टप्पा, एक हात झेल, म्हणजे एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तरी आऊट. गडी विषम झाले की एक जण दोन्हीकडून खेळायचा!

सगळ्यात लाडका मात्र कच्चा लिंबू. त्या चिमुरड्याला पहिल्या चेंडूवर कधीच आऊट द्यायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. तुमच्यात त्याला बोलिंग मिळायची का? आमच्यात मिळायची, अर्ध्या पिचवरून.