कासव खाईना झालंय, पाठ पण मऊ लागतीया, काय करू?

राजारामपुरीकर_०७:
मंडळी जरा मदत पाहिजे. दीड वर्षापूर्वी भाचीच्या हट्टापायी कासव आणलं, तेव्हा पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं होतं, दुकानदार म्हणाला एवढंच राहतंय साहेब, आता तळहाताएवढं झालंय. डोळ्यामागं लाल पट्टा आहे. धुण्याच्या टबात ठेवलंय, मधे एक वीट. उन्हाळ्यात हात दिसला की टबावर चढायचं आणि आता जुलै लागल्यापासून काही खाईना, डोळे सुजून मिटलेत, नुसतं विटेला चिकटून बसतंय आणि पाठीची कड बोटानं दाबली की डब्याच्या प्लास्टिक झाकणासारखी लवतीया. टब खिडकीत आहे, उजेड भरपूर. खायला सुकट आणि आई चपातीचा तुकडा टाकती. आई म्हणती पावसाळ्यात असंच करतंय. खरं काय?

तांबडा_पांढरा:
भावा एवढा ताप कशाला, रंकाळ्यात सोड की. पाणीच पाणी हाय, मजेत राहील.

कट्ट्यावरची_वैनी:
रंकाळ्यात अजिबात सोडू नका हो, हात जोडते. लाल पट्टा म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, ते मूळचं अमेरिकेतलं, आपल्याकडचं नाहीच. तगलं तर आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, आणि असं आजारी सोडलं तर तगणारही नाही.

आता दुखण्याचं. माझ्याकडे अकरा वर्षं एक मादी आहे, पाठच नऊ इंच, त्यामुळे दुकानदाराच्या "एवढंच राहतंय"वर हसावं की रडावं कळेना. तुमच्या कासवाला ऊन मिळत नाहीये. खिडकीतला उजेड दिसतो, पण काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण जवळजवळ आत येतच नाहीत आणि त्याशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही लागू पडत नाही, मग पाठ मऊ पडते. त्यात कोल्हापूरचा जुलै, सूर्य आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही, पाणी गार, आणि गार पाण्यात कासवाचं पचनच मंदावतं. आईंचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते "असंच" नाही, आजार आहे.

यूव्हीबीचा बल्ब घ्या (साधा पिवळा नुसती ऊब देतो), पाकिटावर लिहिलंय तेवढ्या अंतरावर लावा, मधे काच नको, रोज दहा-बारा तास. वर्षभरानं बदला, पेटत असला तरी यूव्हीबी कमी झालेलं असतं. बसायची जागा पूर्ण कोरडी पाहिजे, तिथं ३२ अंशाच्या आसपास, पाणी २५-२६. पाण्यात हीटर लावलात तर भोवती जाळी असलेला, नाहीतर चटका बसतो.

राजारामपुरीकर_०७:
वैनी लई आभार. डोळ्यात माणसाचे ड्रॉप घालू का?

कट्ट्यावरची_वैनी:
नको नको. सुजलेले डोळे बऱ्याचदा ए जीवनसत्त्व कमी पडल्यानं किंवा घाण पाण्यानं, पण व्हिटॅमिन मनानं पाजू नका, जास्त झालं तर कातडी सोलवटते. डॉक्टरला दाखवाच. एक सांगा, पोहताना एका बाजूला कलतं का? तोंडातून बुडबुडे? तसं असेल तर न्यूमोनिया असू शकतो, मग आजच न्या.

पंचगंगा_घाट:
आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मी कुत्री-म्हशी बघतो, कासव नाही. पण नाराज नाही झाले, पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोटो पाठवून विचारलं. तुम्ही पण तसं विचारा. आणि ती चपाती बंद करा राव, नुसती सुकट पण नको. पेलेट (कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या) द्या, पालेभाजी द्या (पालक कमी), लाल भोपळा किसून, गाजर. लव्हबर्डच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवा, कुरतडतंय. आणि टब लहान पडणार, पाठीच्या एका इंचाला चाळीस लिटर पाणी धरतात, म्हणजे चार इंचाला दीडशेच्या पुढं. खर्च ऐकून माझी बायको दोन दिवस बोलली नव्हती.

हां, आणि टब स्वयंपाकघरात धुवू नका, कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो, पोट बिघडवणारे जंतू. भाचीला हात धुवायला लावा.

तांबडा_पांढरा:
बरं बाबा रंकाळा कॅन्सल 😄 खरं आमच्या शेतातल्या विहिरीत एक कासव हाय, तेच घेऊन जा जोडीला.

कट्ट्यावरची_वैनी:
ते तर मुळीच नको! आपल्याकडची कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, घरात ठेवणं गुन्हा आहे. विहिरीतलं विहिरीतच राहू दे.

राजारामपुरीकर_०७:
अपडेट. कलत नाही, बुडबुडे पण नाहीत. डॉक्टरांनी फोटो बघून डोळ्याचं मलम दिलं आणि कॅल्शियम. बल्ब बुधवारी लावला, पहिले दोन दिवस त्याच्याकडं पाठ करून बसलं. आज सकाळी बघतो तर विटेवर मागचे दोन्ही पाय लांब पसरून, बोटं फाकवून पडलंय, एक डोळा अर्धा उघडा. खाल्लं काही नाही अजून. आई चपाती घेऊन आलीच होती, परत पाठवली.