सायकलच्या स्टँडचाही नियम हवा

‘इमारतीत दर घराला एका गाडीच्या पार्किंगची जागा सक्तीची करा, रस्ते मोकळे होतील’ हे मला पटत नाही. गाडी मावते साधारण २.५ बाय ५ मीटरमध्ये, पण वळायची वाट धरली की जवळपास दुप्पट जागा जाते. तो खर्च गाडी नसलेल्यांच्याही माथी बसतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये अशी किमान सक्ती काढूनच टाकली.

सायकलींसाठी मात्र सक्ती हवीच, आणि नुसती संख्या नको, स्टँड कसा तेही नियमात लिहा. पुढचं चाक अडकवायच्या खाचेत रिम वाकते, फ्रेमला कुलूपही लावता येत नाही. जमिनीत पक्का रोवलेला उलट्या यू आकाराचा पाइप असला की दोन्ही अंगांना एकेक सायकल नीट लागते. तोही जिन्याजवळ हवा. तळघराच्या टोकाला ठेवलात तर सायकली पॅसेजमध्येच उभ्या राहणार.